पाचवा व्हाय आधी लिहितात

"पाचवा व्हाय आधी लिही," आमचे क्वालिटी मॅनेजर भोईटे सर म्हणाले. "मग उलटं मागे येत चार भर. लिंक तुटत नाही."

मी त्यांच्या केबिनमध्ये लॅपटॉप हातात धरून उभी होते. समोर खुर्ची होती, पण बसवत नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते. सकाळी कस्टमरकडे, म्हणजे ज्या मोठ्या कंपनीला आम्ही माल देतो तिथे, आमचं एक ब्रॅकेट नटाशिवाय निघालं होतं. गाडीची सीट तळाला धरून ठेवणारी ही लोखंडी पट्टी. तिला आतल्या बाजूने दोन नट वेल्ड केलेले असतात. या पट्टीला एकच होता. तिथला कामगार बोल्ट आवळत राहिला, बोल्ट नुसता फिरत राहिला, आणि त्यांची गाड्या जोडायची लाइन थांबली. 'लाइन स्टॉप' हे दोन शब्द ऐकले की चाकणमधल्या कुठल्याही मॅनेजरचा चेहरा उतरतो.

"पाचव्यात काय लिहू?"

"लॅक ऑफ अवेअरनेस. ऑपरेटरला जाणीव नव्हती. ॲक्शनमध्ये टाक, सगळ्यांना ट्रेनिंग दिलं आणि संबंधित ऑपरेटरला कामावरून कमी केलं. कस्टमरला ॲक्शन दिसली पाहिजे."

संबंधित ऑपरेटर म्हणजे नंदाताई. चाकणजवळच्याच एका गावच्या, वय पंचेचाळीसच्या आसपास. माल बाहेर जाण्याआधीच्या शेवटच्या तपासणीच्या टेबलावर त्या सहा वर्षं उभ्या आहेत, आणि सहाही वर्षं ठेकेदाराच्या हजेरीपटावर. नवऱ्याचे डोळे गेल्यापासून त्याची रिक्षा बंद आहे, धाकटी मुलगी नर्सिंगला आहे, आणि घर या टेबलावर चालतं. ठेकेदाराच्या माणसाला काढायला पत्र लागत नाही. सुपरवायझर फोनवर सांगतो, उद्यापासून येऊ नका. संपलं.

"सर, मी अजून लाइनवर जाऊन बघितलंच नाही," मी म्हणाले.

"बघून काय करणार? सहापर्यंत शीट गेली पाहिजे. उद्या दहाला कस्टमरचा इनामदार येतोय व्हेरिफिकेशनला." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "आणि शीतल, पत्रक लिहू नकोस. शीट लिही."

हा टोमणा मला नेहमी बसतो. भोसरीत आमचा कामगारांचा एक छोटा गट आहे. दर रविवारी आम्ही एकपानी पत्रक काढतो आणि बस थांब्यावर वाटतो. त्यातली निम्मी मी लिहिते. सर ती वाचतात, हे मला माहीत आहे, कारण त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका ते सोमवारी सांगतात.

आता हा 'व्हाय' काय आहे ते सांगते. बाहेरच्या माणसाला वाटेल, इंग्रजी 'व्हाय' म्हणजे आपलं 'का', त्यात समजावण्यासारखं काय? आहे.

पद्धत जपानी कारखान्यांतून आली, असं आम्हाला डिप्लोमाला शिकवलं. काही बिघडलं की विचारायचं, का? उत्तर मिळालं की त्या उत्तरालाच पुन्हा विचारायचं, का? असं पाच वेळा. पाचव्यापर्यंत तुम्ही बिघाडाच्या मुळाशी पोचता. याला व्हाय-व्हाय म्हणतात. पद्धत चांगली आहे. तीन वर्षांच्या पोरालाही ती न शिकवता येते.

पण पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या शेडमध्ये हा आता प्रश्न राहिलेला नाही. ती एक वस्तू झाली आहे. "तुझा व्हाय भरला का?" "कस्टमरने तिसरा व्हाय परत पाठवला राव." "मागच्या वेळचा व्हाय कॉपी मार ना भावा, नुसता पार्ट नंबर बदल." एक्सेलमध्ये पाच खाने असतात आणि ते भरायचे असतात. शिवाय या शब्दाला दिशा आहे. तो वरून खालीच जातो. मॅनेजर इंजिनिअरला विचारतो, इंजिनिअर सुपरवायझरला, सुपरवायझर ऑपरेटरला. ऑपरेटरच्या खाली कोणीच नसतं, म्हणून तो तिथे येऊन थांबतो. खालून वर कोणी विचारला, तर त्याला व्हाय म्हणत नाहीत, आर्ग्युमेंट म्हणतात. मी पाहिलेल्या बहुतेक शीटच्या पाचव्या खान्यात एक तर ऑपरेटरचं लक्ष नव्हतं, नाही तर त्याला जाणीव नव्हती. टार्गेटचा दोष कधी नसतो. साहेबाचा तर नसतोच. एवढ्या बेसावध माणसांनी एवढ्या गाड्या बनवून रस्त्यावर आणल्या कशा, हा खाना कोणी भरत नाही.

मी केबिनमधून निघाले ती सरळ लाइनवर गेले. चालताना डोक्यात शीट नव्हती, रविवारचं पत्रक होतं. मथळासुद्धा सुचला होता.

नंदाताई टेबलाशी उभ्या होत्या. हात चालू होते.

"ताई, कळलं का?"

"कळलं की. सकाळपासनं धा जण यून सांगून गेले. नट ऱ्हायला म्हनं."

"तपासलं कसं होतं?"

त्यांनी एक ब्रॅकेट उचललं, उलटं केलं, आतल्या वळणात अंगठा घातला. एक, दोन. ट्रेमध्ये टाकलं.

"अंगठ्याने? गेज कुठंय?"

"मलाच इचारताय?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मॅडम, गेज कुठं हाय ते तुमालाच म्हाईत."

गेज म्हणजे एक लोखंडी ठोकळा. त्यावर ब्रॅकेट ठेवलं की ते दोन्ही नटांवर सपाट बसतं. एक नट नसेल तर कलतं. डोळ्यांनी बघायचीही गरज नाही, हाताला कळतं. टेबलावर त्याच्या मापाचा पिवळा चौकोन रंगवलेला आहे. त्या चौकोनात नंदाताईंची पाण्याची बाटली उभी होती.

गेज भोसरीच्या एका लॅबमध्ये होतं. मीच पाठवलं होतं.

मोजायच्या साधनाचं मापही ठरावीक मुदतीने तपासून घ्यावं लागतं. लॅब तपासते आणि सर्टिफिकेट देते. याला कॅलिब्रेशन म्हणतात आणि आमच्याकडे ते काम माझं. महिनाअखेर ऑडिट होतं, आणि या गेजची मुदत ऑडिटच्या आदल्या दिवशी संपत होती. ऑडिटर फाइल बघतो, फाइलमध्ये ताजं सर्टिफिकेट लागतं. म्हणून मी गेज उचललं, खोक्यात भरलं आणि पाठवून दिलं. दुसरं गेज नव्हतंच. माल बरोबर तपासला जातो याचा कागद मिळावा म्हणून मी माल तपासायचं साधनच लाइनवरून काढून घेतलं. हे ऐकून तुम्हाला हसू येईल. आमच्याकडे कोणी हसत नाही, कारण हे रुटीन आहे. ऑडिट जवळ आलं की टेबलं रिकामी होतात आणि फाइली भरतात.

"मी सांगितलं व्हतं तुमाला," नंदाताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "कॅन्टीनला. हात धूत व्हता तुमी."

आठवलं. नऊ दिवसांपूर्वी. गेज न्हाई, अंगठ्यानं बघतीय, कवा येनार, असं त्यांनी विचारलं होतं. आणि बस थांब्यावर उभं राहून लोकांना जाब विचारायला सांगणारी मी काय म्हणाले होते? "येईल दोन दिवसांत ताई. तोवर जरा ॲडजस्ट करा." लॅबने दोन दिवसांचे दहा केले. मी फोन करून विचारलं नाही. मी ऑडिटच्या फाइलींना पाठीवर लेबलं चिकटवत होते.

"अंगठा बघू."

त्यांनी दाखवला. कापल्याच्या बारीक रेघा, एकावर एक. पत्र्याची कड धारदार असते.

"परवा लई कापलं," त्या म्हणाल्या. "पट्टी लावली. पट्टी लावली की नट नीट कळत न्हाई. दुपारी काढून टाकली. तेवढ्यातच निसटलं असल."

बघा, ज्या बाईची नोकरी जायची होती तीच खरं कारण सांगत होती, स्वतःचा अंगठा पुढे करून. आणि आम्ही ते कारण एक्सेलमध्ये मागून पुढे रचत होतो.

मी जागेवर येऊन शीट पहिल्या खान्यापासून भरायला घेतली. नट मुळात वेल्ड का झाला नाही, याची शीट वेगळी असते. ती वेल्डिंगवाल्यांनी भरली, त्यांचा नट पुढे सरकवणारा फीडर अडकला होता. माझी शीट तपासणीची. नट नसलेलं ब्रॅकेट बाहेर का गेलं? तपासणीत सुटलं. का सुटलं? पट्टी बांधलेल्या अंगठ्याने तपासलं. अंगठ्याने का? गेज नव्हतं. का नव्हतं? ऑडिटसाठी लॅबला पाठवलं आणि दुसरं नव्हतं. गेज नसताना लाइन चालू का ठेवली?

इथे माझी बोटं थांबली. मी उठून पाणी प्यायले. परत बसले. परत उठले. 'क्वालिटी विभागाने' असं टाइप केलं, खोडलं. 'संबंधित इंजिनिअरने' लिहिलं, तेही खोडलं. ऑपरेटरला मात्र आम्ही नाव आणि टोकन नंबर घालून लिहितो. शेवटी लिहिलं: ऑपरेटरने शीतल यांना तोंडी कळवलं होतं, शीतल यांनी लाइन थांबवली नाही. साडेपाचला प्रिंट घेऊन केबिनमध्ये गेले.

भोईटे सरांनी दोनदा वाचलं. "हे काय आहे?"

"व्हाय-व्हाय."

"हा कबुलीजबाब आहे. अगं, गेज नसताना दहा दिवस माल पाठवला असं तू लेखी देतेयस. दहा दिवसांचा सगळा माल परत तपासायला लावतील. कोण करणार?"

"पण खरं आहे ना सर?"

"खरं असेल. फॉरमॅटमध्ये बसतं का ते बघ."

"आणि नंदाताई?"

"चाकणमध्ये कंपन्या काय कमी आहेत? त्यांना मिळेल दुसरीकडे. तू मात्र हा कागद घेऊन पुढे नोकरी शोधशील तेव्हा मला आठवशील." ते माझ्या काळजीने बोलत होते, हे मी नाकारत नाही. म्हणून तर चीड जास्त आली. "जा. मी बघतो शीटचं."

त्यांनी बघितलं. सहाला दोन मिनिटं कमी असताना त्यांची शीट कस्टमरला गेली. पाचवा व्हाय, लॅक ऑफ अवेअरनेस. तपासणीची पद्धत, गेजने. खाली कोपऱ्यात, 'तयार करणार: शीतल'.

त्यानंतर दहा मिनिटांत नंदाताईंचा फोन आला. "मॅडम, ठेकेदाराचा मानूस म्हनतोय उद्या यू नका. किती दिस ते सांगत न्हाई."

मी "बघते," म्हणाले. आणि या वेळी बघितलं.

कस्टमरच्या व्हेरिफिकेशन फॉर्मवर एक ओळ असते, संबंधित ऑपरेटरशी प्रत्यक्ष बोलणे. ती ओळ कोणी पाळत नाही. व्हिजिटच्या दिवशी तो ऑपरेटर हमखास सुट्टीवर असतो आणि टेबलावर कोणी तरतरीत, पाठ केलेलं बोलणारा उभा केला जातो. मी इनामदारांना दोन ओळींचा मेल टाकला: आपल्या फॉर्मप्रमाणे संबंधित ऑपरेटर उद्या सकाळी दहा वाजता टेबलावर हजर राहतील. भोईटे सरांना सीसी.

ते माझ्या जागेवर स्वतः चालत आले. "मागे घे तो मेल."

"कस्टमरला गेलेला मेल मागे घेत नाहीत, सर. तुम्हीच शिकवलंय."

"नको ते बरं लक्षात राहतं तुझ्या," ते म्हणाले आणि फोन लावत निघून गेले. ठेकेदाराने नंदाताईंना एका दिवसाचा पास दिला. फक्त एका.

इनामदार वाकडहून गाडीने आले. माझ्याच वयाचे असतील. डिकीतून सेफ्टी शूज काढून घातले, शीट चाळली, लाइनवर आले. भोईटे सर त्यांच्या डाव्या हाताला, मी मागे. टेबलावर आता इकडून तिकडून आणलेलं एक तात्पुरतं गेज ठेवलं होतं. पिवळ्या चौकोनापेक्षा ते बोटभर लहान होतं.

"मावशी," इनामदार म्हणाले, "लक्ष नव्हतं का कामात?"

"लक्ष व्हतं साहेब. गेज न्हवतं."

"जरा घाबरल्यात त्या," भोईटे सर मध्येच म्हणाले.

"आता काय घाबरायचं?" नंदाताई म्हणाल्या. "काल काढलंच की मला."

इनामदारांनी हातातला कागद वर धरला. "काढलं? आणि गेज नव्हतं म्हणजे? यात तर गेजने तपासणी लिहिलंय." मग कोपऱ्यातलं नाव वाचून माझ्याकडे वळले. "मॅडम, ही शीट तुमची ना?"

"नाही. माझी ही." मी खिशातून घडी काढून पुढे केली. पण ती लगेच सोडली नाही, त्यांना जरा ओढावी लागली. पोलिसांसमोर पत्रक वाटताना मी असं कधी धरून ठेवलं नाही. तिथे दुसऱ्याबद्दल लिहिलेलं असतं.

ते उभ्या उभ्या वाचत गेले. शेजारी पत्र्याचा प्रेस ठोकत होता. पाचव्या खान्याशी पोचल्यावर त्यांनी मान वर केली.

"शीतल म्हणजे तुम्ही?"

"हो."

"यांनी खरंच सांगितलं होतं?"

"नऊ दिवस आधी. मी ॲडजस्ट करा म्हणाले."

भोईटे सर छताकडे बघत होते. एवढं बोलून मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं, पण पत्रकाची सवय वाईट. मी इनामदारांना म्हणाले, "सर, अजून एक विचारते. या पार्टला एकच गेज पुरे, हे कोणी ठरवलं? तुमच्या ऑफिसची सही आहे त्यावर. आणि गेजसाठी आम्ही एक दिवस लाइन बंद ठेवली असती, तर ओरडायला पहिला फोन कोणाचा आला असता?"

इनामदारांनी कागदाची घडी घातली. अगदी व्यवस्थित, कडा जुळवून. "फाइव्ह व्हाय आहे मॅडम," ते म्हणाले. "सिक्स नाही."

त्यावर भोईटे सर हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

निकाल असा लागला. इनामदारांनी सरांची शीट बाद केली. माझी घेतली, पण पाचव्या खान्यातून माझं नाव काढलं आणि लिहायला लावलं, 'जादा गेजची तरतूद नव्हती'. कस्टमरच्या सहीचा उल्लेख अर्थातच कुठे आला नाही. ॲक्शनमध्ये दोन गेज, आणि एक जागेवर असल्याशिवाय दुसरं लाइनवरून हलवायचं नाही. 'ऑपरेटरला कामावरून कमी केलं' ही ओळ त्यांनी स्वतः पेनने खोडली. "गेज नव्हतं तर यांना काढून काय सुधारणार?" असं म्हणाले. एवढ्याबद्दल मी त्यांना मानते. दहा दिवसांचा माल चार दिवस परत तपासला. त्यात आणखी एक बिननटाचं ब्रॅकेट सापडलं. ते गाडीत बसलं असतं आणि त्यावर कोणी माणूस बसला असता.

मला मेमो मिळाला. परवानगीशिवाय कस्टमरशी पत्रव्यवहार केल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा करा. लाइन न थांबवल्याबद्दल एक अक्षर नाही. मी खुलासा म्हणून तीच शीट जोडली, पाचव्या खान्यात माझं नाव होतं ती. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

सोमवारी नंदाताई टेबलावर परत आल्या. मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. खोटं कशाला सांगू, दोन चांगले शब्द ऐकायला गेले होते. त्या नव्या गेजवर ब्रॅकेट ठेवत होत्या. अंगठ्याला स्वच्छ पट्टी होती.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा ना ताई."

"मी सांगितलं तवा तुमी का न्हाई ऐकलं?"

"ऑडिट होतं, ताई."

"व्हय," त्या म्हणाल्या. "आन् मी न्हवते?"

त्यांनी पुढचं ब्रॅकेट उचललं. रागाने बोलल्या नाहीत, हिशेब चुकता करायलाही नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या सगळ्या प्रकरणात उत्तर हवं म्हणून विचारलेला तो एकच 'का' होता, आणि तो मला विचारला होता. मी 'लॅक ऑफ अवेअरनेस' म्हणणार होते काय?

धडा छोटा आहे. का, म्हणून विचारत सुटण्याआधी आठवून बघावं, कोणी आपल्याला आधीच सांगून गेलंय का. बहुतेक वेळा गेलेलं असतं, हात धूत असताना.

त्यानंतर मी दोनदा लाइन थांबवली. एकदा वीस मिनिटं, एकदा पाऊण तास. दोन्ही वेळा भोईटे सर धावत आले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "व्हाय?" दोन्ही वेळा मी म्हणाले, "ताई सांगतायत म्हणून." या उत्तराला शीटमध्ये खाना नाही. मी ते कडेच्या मोकळ्या जागेत पेनने लिहिते.